कठड्याची दोन चित्रं

मिस्त्रीसाठी भरलेला डबा टेबलावर आपटून मालकीणबाईंनी मुलाला फैलावर घेतलं.

"तीन दिवस झाले! दोन्ही तळहातांना पट्ट्या बांधून मिस्त्री घरी बसलाय, बायको त्याला घास भरवतेय, आणि तुला त्याच्या दारापर्यंत जायला होत नाही. पाय झिजतात का?"

मुलाने कॉम्प्युटरवरून मान वर केली नाही. "अपघाताचा अहवाल संपवतोय, आई. तुझी सही लागेल."

त्याने कागद पुढे सरकवला. बाई जेमतेम चौथी शिकलेल्या. बोट ठेवून, ओठ हलवत त्यांनी वाचलं: 'कामगाराने निष्काळजीपणे कठड्यावर हात टेकले.'

निष्काळजीपणे! तीस वर्षं काचेच्या भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. नवरा गेल्यावर कारखाना तगला तो त्याच हातांवर. हा कागद गेला की त्याला पुन्हा कुणी भट्टीपाशी फिरकू देणार नव्हतं.

जागा अपुरी पडते म्हणून मुलाने तो लोखंडी कठडा भट्टीच्या तोंडापासून पाच हातांवरून दोन हातांवर आणायला सांगितला होता. तेव्हा एरवी तोंड न उघडणारा मिस्त्री बोलला होता, "वहिनी, आच सोसायची नाही." आणि बाईंनी चारचौघांत त्याला झापलं होतं: "माझ्या मुलाने कॉम्प्युटरवर भट्टी पेटवून बघितलीय. तुमचं शहाणपण खिशात ठेवा."

"तुझं ते यंत्र कठडा गार राहील म्हणालं होतं ना?" त्यांनी आता विचारलं.

"हवा संपून लोखंड सुरू होतं, तिथे कुठली उष्णता धरायची ते आपण निवडायचं असतं. मी नुसती हवेने लागणारी धरली. आणि बाहेरची गार हवा तर भट्टीत ओढली जाते, म्हणून कठडा गार दिसला."

"मग विस्तवाची थेट लागणारी आच?"

"तो पर्याय बंद ठेवला होता. त्याचं गणित दोन-दोन दिवस चालत बसतं."

"बंद ठेवला होतास. विस्तवाला कळवलं होतंस का तसं?"

मुलगा पाणी आणायला उठला.

सहीसाठी पेन शोधताना बाईंच्या हाताला त्याची फाईल लागली. आत कठड्याची दोन चित्रं होती. एकात कठडा निळाशार. दुसऱ्यात तोच कठडा लालबुंद. वरचा इंग्रजी मजकूर त्यांना लागेना, पण कोपऱ्यातली तारीख लागली. लाल चित्र कठडा हलवायच्या सहा दिवस आधीचं होतं.

मुलगा परतला तेव्हा दोन्ही चित्रं टेबलावर शेजारीशेजारी मांडलेली होती. तो दारातच थबकला.

"आई, त्या लाल चित्रात... आच धरली की कधी कधी अंदाज जरा जास्तच येतो."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. अहवाल बाजूला सारला आणि लाल चित्राखाली एकेक अक्षर जपून आपलं नाव लिहिलं. मग ते चित्र डब्यावर ठेवून दोन्ही त्याच्या हातात दिली.

"मिस्त्रीकडे घेऊन जा. मागोमाग मी येतेच, मलाही त्याला तोंड दाखवायचंय."

तो हलेना. पदर खोचून बाई त्याच्याकडे सरळ बघत म्हणाल्या,

"तुला शाळेत घातलं नसतं, तर आज निदान 'चुकलं' तरी म्हणता आलं असतं."