नाक संपलेली मूर्ती

कोरियातल्या एका खेड्यामागे, टेकडीवर उभी असलेली मी मैत्रेय बुद्धाची दगडी मूर्ती बोलतेय. फार पूर्वी मी एक नेम घेतला होता. ज्या बाईच्या पोटात माझा कण जाईल, तिला आधी कुणी विचारलं होतं का, एवढं लक्षात ठेवायचं. दगडाला दुसरं काय जमतं?

मला एका म्हाताऱ्या भिक्खूने घडवलं. चेहरा शांत, नाक सरळ. पुढे देऊळ जळलं आणि मी उघड्यावर आले. मग कुणीतरी म्हणालं, हिच्या नाकाची पूड पाण्यातून घेतली की मुलगा होतो. तेव्हापासून सासवा सुनांना घेऊन येतात. शिंपल्याने मला खरवडतात, वाटीत कालवतात. घोटाघोटाने माझं नाक गावातल्या बायकांच्या पोटात गेलं.

कण विरघळत नाहीत. आत अंधार असतो, पण ऐकू येतं. कुणी आवंढा गिळते, तो माझ्यावरूनच खाली जातो.

परवा पहाटे ओकबुन आपल्या सुनेला, जोंगसुकला घेऊन आली. जोंगसुकला तीन मुली. तिसरीच्या वेळी ती मरता मरता वाचलेली.

"आई, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, आता पुन्हा नको."

"डॉक्टरीणबाई येणार आहेत का आमच्या पितरांना ताट वाढायला?" ओकबुनचा शिंपला चालूच होता. "तीनदा मुलगी म्हणून दारावरच्या दोरीत कोळसे ओवले मी. एकदा तरी मुलगा झाला म्हणून लाल मिरच्या ओवू दे."

"ओवा की. मिरच्यांना मी कुठे नाही म्हणतेय? पण पोट माझं आहे, आई. मी नाही पिणार."

ओकबुनने तिचा जबडा धरला आणि वाटी ओठांना लावली. जोंगसुकने दात घट्ट आवळले.

"नको ना, आई. मला भीती वाटते."

आवाज कोवळा होता, एकोणीस वर्षांच्या पोरीचा. जोंगसुकचे ओठ तर मिटलेलेच होते. तो आवाज ओकबुनच्या तोंडातून आला होता.

ओकबुनचा हात सुटला. तिने स्वतःच्या पोटाला हात लावला. चाळीस वर्षांपूर्वी, इथेच, तिच्या सासूने तिचा जबडा धरला होता, तेव्हा ती हेच म्हणाली होती. कणाबरोबर ते शब्दही मी तिच्या पोटात जपून ठेवले होते.

मग ओकबुनने वाटी गवतात ओतली.

"घरी काय सांगायचं?" आता आवाज तिचा, नेहमीचा होता.

"सांगा, नाक संपलं."

ओकबुनला हसू आलं. हसता हसताच तिने बाहीने डोळे टिपले आणि सुनेच्या आधाराने टेकडी उतरली.

आता माझ्या चेहऱ्यावर नुसता खळगा उरलाय. तरी बायका येतात, माझ्या कानांकडे बघतात. येऊ देत. मी आशा सोडलेली नाही. किती आवाज माझ्यापाशी आहेत. जिचा तिला एकेक परत करणार आहे.

तुम्हीही एक नेम घ्या. घरातल्या कुणा बाईपुढे वाटी धरण्याआधी तिला विचारा. ती नको म्हणाली, तर हात मागे घ्या. कारण तिचं ते 'नको' ऐकणारं कुणीतरी तुमच्याही पोटात बसलेलं असेल.