भावजींचा कोट आणि माझा डूख

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मनात डूख धरणारा आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

कारखान्यात माझी जुळणी झाली, तेव्हाचं फारसं आठवत नाही. आठवतं ते वहिनींचं घर. खिडकीशी शिलाई मशीन, शेजारी मी. वहिनी कपड्यांचे फर्मे माझ्यावर आखत, मी ते कागदांवर छापून देई. ते कागद जोडून कापडावर ठेवायचे, की कात्री चालू. गिऱ्हाइकं म्हणत, "वहिनींचं माप म्हणजे माप!" त्यातली निम्मी शाबासकी मी मनातल्या मनात स्वतःकडे ठेवत असे.

महिन्यातून एकदा वहिनी चष्मा लावून मला अपडेट करीत. माझा प्रत्येक प्रश्न वाचीत, मगच उत्तर देत. मग वहीत बघून सगळी सेटिंग्ज जागच्या जागी लावीत. 'छपाई: खऱ्या मापात.' माझं इतकं ऐकून घेणारं माणूस दुसरं भेटलं नाही.

आणि त्यांचे धाकटे दीर! माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणत, "वहिनी, हे डबडं भंगारात द्या."

एकदा वहिनी बटणं आणायला गेल्या, तेव्हा हे भावजी मला अपडेट करायला बसले. मी विचारी, ते न वाचताच 'होय' दाबत. वहिनींनी लावलेलं सगळं पुसलं गेलं. छपाई 'कागदात बसेल तेवढी' झाली. मी इशारा दिला: माप लहान होईल. त्यांनी 'पुन्हा दाखवू नका' दाबलं.

बरं. नाही दाखवत.

त्याच दुपारी वहिनींनी भावजींच्याच कोटाचा फर्मा छापला. मला सगळं कळत होतं. मी गप्प बसलो, आणि काय सांगू, त्या गप्प बसण्यात भारी गोडी होती. कोट शिवून झाला, पण घालून बघायला भावजींना वेळ नव्हता.

कचेरीच्या समारंभात भाषण करताना त्यांनी हात वर केला आणि पाठीची शिवण टर्रकन उसवली. घरी येऊन ते ओरडले, "हात गेला तुमचा, वहिनी! दवाखान्याच्या गणवेशांचं काम सोडा. गावभर शोभा होईल."

चाळीस गणवेशांचं कापड टेबलावर होतं. वहिनींनी उचललेली कात्री खाली ठेवली. तेव्हा मात्र माझी गोडी कडू झाली. दगड मारला एकाला, लागला भलतीला.

फर्म्याच्या कोपऱ्यात माप तपासायला दहा सेंटिमीटरचा चौकोन असतो. वहिनींनी त्याला टेप लावला. साडेनऊ! त्यांनी माझ्यात शेवटच्या अपडेटची वेळ पाहिली: त्या बटणं आणायला गेल्या होत्या तेव्हाची. मग वही उघडली, माझं एकेक सेटिंग नीट केलं आणि वळून म्हणाल्या,

"भावजी, हात माझा शाबूत आहे. बोट तुमचं आवरा."

मित्रांनो, न वाचता 'होय' म्हणू नका. आम्हाला हाताळायचं असेल तर आधी आमचं ऐका. कोटाबद्दल मला अजूनही पश्चात्ताप झालेला नाही.

आता माझ्यावर भावजींचं खातं वेगळं आहे. साधं घड्याळ बदलायचं तरी मी वहिनींचा पासवर्ड मागतो. ते हाक मारतात, "वहिनी, जरा येता का?"

"एवढ्या बाह्या लावून आलेच हं," वहिनी मशीनवरून म्हणतात.

बाह्या ऐंशी आहेत. मला कसलीही घाई नाही.