तिसरं पाकीट

"आज तिसरे पुढच्या रांगेत?" मागून कोणीतरी म्हणालं आणि निविदा उघडायच्या त्या खोलीत हसू पसरलं.

दादांनी मागे वळून पाहिलं नाही. शर्टाची घडी सरळ केली आणि टेबलावरच्या पत्र्याच्या पेटीकडे पाहत बसले.

त्यांच्या नळजोडणीच्या वर्कशॉपमधले लोक त्यांना दादा म्हणत. 'तिसरे' हे नाव या कचेरीतलं. ते कसं पडलं हे कळायला आधी पेटीची रीत कळली पाहिजे. शहरात गाड्यांना गॅस भरायचं नवं स्टेशन बांधायचं ठरलं की गॅस कंपनी निविदा मागवी. निदान तिघांच्या निविदा आल्याशिवाय पेटी उघडायची नाही, असा नियम होता. चढाओढ व्हावी म्हणून केलेला. पण कुंपणाला भोक कुठे आहे ते कुंपण घालणाऱ्याआधी शेळीला कळतं. शहरातले बडे ठेकेदार शेठ पहिली निविदा स्वतःची भरत, दुसरी मेव्हण्याच्या नावाने, आणि तिसरी दादांच्या.

दादांनी फक्त हरायचं. भाव चढा लावायचा, आणि चुकूनही काम गळ्यात पडू नये म्हणून 'गॅसच्या कामाचा अनुभव' या रकान्यात एकच शब्द लिहायचा: निरंक. शेठचा मुनीम सगळं भरून आणी, दादा सही ठोकत. त्या बदल्यात काम शेठना मिळालं की बांधायचं दादांनी. जमीन खणायची, नळ टाकायचे, सांधे जोडायचे, दाब चढवून प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा येतो का ते गुडघ्यावर बसून बघायचं. शहरातली बहुतेक स्टेशनं अशी दादांच्या हातून उभी राहिली होती. पाटी मात्र शेठच्या नावाची.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या स्टेशनचं उद्घाटन झालं त्या दिवशी बायको शेजारणीला बरोबर घेऊन गेली होती. घरी आल्यावर ती भांडी घासत पाठमोरीच म्हणाली, "मी तिला सांगितलं, हे आमच्या ह्यांनी बांधलंय. ती पाटी वाचायला गेली."

"मग?"

"मग काय. परत आली आणि हवापाण्याचं बोलायला लागली. खोटं बोललीस म्हणाली असती तर भांडले तरी असते."

त्यानंतर ही निविदा निघाली. दादांनी मुनिमाला सांगितलं, "या खेपेला मीच भरून टाकतो, तुम्ही कशाला हेलपाटा घालता?" मुनीम खूश झाला. हरायचा भाव लिहायला दादांना कधी वेळ लागला नव्हता. जिंकायचा भाव लिहिताना मात्र दोघं नवराबायको कितीतरी संध्याकाळी स्वयंपाकघरात बसली. ती विचारी, "यात सिमेंट धरलंत का? आणि माणसं आजारी पडली तर?" दादा खोडून पुन्हा लिहीत. शेवटी भाव ठरला तेव्हा तिनेच पाकिटावर लाख ओतली. बोट भाजलं, तर म्हणाली, "शकुन चांगला आहे."

पाकिटं दोन असत. पहिल्यात अनुभव आणि अवजारं. ते पसंत पडलं तरच भावाचं दुसरं पाकीट उघडायचं.

टेबलामागच्या अधिकारी बाई नव्या होत्या. दादांचं पहिलं पाकीट त्यांनी काळजीपूर्वक फोडलं आणि वाचलं, "गॅस स्टेशनांची बांधणी, नळजोडणी, दाबचाचणी. दीर्घ अनुभव."

पलीकडच्या खुर्चीत शेठचा पाय हलत होता, तो थांबला.

"दीर्घ?" बाईंनी शिपायाला कपाटातल्या जुन्या फायली काढायला लावल्या. एक चाळली, दुसरी चाळली. "मागच्या वेळी तुम्ही लिहून दिलंय, निरंक. त्याच्या आधीही निरंक. सह्या तुमच्याच ना?"

"माझ्याच."

"मग ही स्टेशनं बांधली कधी?"

 दादांच्या तोंडाशी सगळं आलं होतं. ते मागचं स्टेशन, त्याच्या पलीकडचं, नदीजवळचं, जिथे खड्ड्यात पाणी भरलं आणि ते आणि त्यांचा म्हातारा वेल्डर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले होते. एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्याचा शेवटही त्यांना दिसत होता. शेठ बुडाले असते, आणि इतकी वर्षं खोट्यावर सही करणारा माणूसही बुडाला असता. वर्कशॉपला टाळं, वेल्डर घरी. आपलेच दात, आपलेच ओठ.

शेठ खाकरले. "घाई नाही हं, तिसरे. आठवून सांगा."

"लिहिताना चूक झाली, बाई," दादा म्हणाले.

"कुठली चूक? तेव्हाची की आत्ताची?"

बाईंनी हे चांगल्या मनानेच विचारलं होतं. त्या थांबल्याही होत्या.

"आत्ताची," दादा म्हणाले.

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरं पाकीट पुढे सरकवलं. "हे न उघडता परत द्यायचं असतं. नियम आहे."

मग शेठचा भाव वाचून दाखवला गेला. दादांच्या भावापेक्षा तो पुष्कळ चढा होता. हे त्या खोलीत फक्त दादांना ठाऊक होतं.

बाहेर शेठनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "राग नाही बरं का माझा. माणसाला वाटतं कधीमधी. तुझं पोट मी कधी मारलंय का? उद्यापासून माणसं लाव कामाला."

"लावतो."

"आणि पुढच्या खेपेला पाकीट मुनीमच भरेल. तू नको त्रास घेऊस."

बायको खाली तिचाकी टेम्पोत बसून होती. नवऱ्याच्या हातातलं पाकीट आणि त्यावरची अख्खी लाख तिने पाहिली आणि ती बाजूला सरकली. टेम्पो निघाला. थोडं पुढे गेल्यावर गॅस संपत आल्याचा दिवा लागला. जवळचं स्टेशन दादांच्याच हातचं होतं. दुसरीकडे जावं असं त्यांच्या मनात आलं, पण तेही त्यांच्याच हातचं होतं.

"खाली उतरा, काका. काकू, तुम्हीपण," गॅस भरणारी मुलगी म्हणाली. "पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहायचं."

दोघं रेषेमागे जाऊन उभी राहिली. नळी जोडली गेली, गॅस सुसाटत आत शिरू लागला. दादांचा कान सवयीने सांध्याकडे लागला. कुठे गळत नव्हतं.

"उघडलंच नाही?" बायकोने विचारलं.

"नाही."

"म्हणजे आपला भाव कुणी वाचलाच नाही."

"तू वाचलास की."

ती लाखेने भाजलेल्या बोटावरचं कातडं खरवडत राहिली. मग पायांकडे बघत म्हणाली, "ही रेघ तुम्हीच ओढली होती ना? रंगारी आला नव्हता, त्या दिवशी?"

"हो."

"सरळ आलीय."

दादा बघायला थोडे वाकले. बुटाचं टोक रेषेवर आलं.

"काका, मागे," मुलगी म्हणाली. "अजून थोडं मागे."

दादा मागे सरकले.