डाव्या मागच्या चाकातली हवा

शनिवारी सकाळी सव्वाअकराला फोन वाजला तेव्हा काटेसाहेब स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भिंग धरून पेपर वाचत होते. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडे कॉम्प्रेसर घरघरत होता, तो कोणीतरी बंद केला.

"काटेसाहेब का? मी टायरच्या दुकानातून बोलतोय. काकू इथे आल्या होत्या, त्यांना..."

"काय, आज पुन्हा हवा विकलीत वाटतं तिला?" काटेसाहेब म्हणाले.

मग तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "काका, त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलंय. तुम्ही या. शेजारचं कोणी असेल तर बरोबर घेऊन या."

ते पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. बायको दुकानातल्या खुर्चीत बसली, पाणी मागितलं आणि ग्लास हातात यायच्या आत मान टाकली. डॉक्टर म्हणाले, हृदय. चाळीस वर्षांचा संसार संपल्याचा फोन आला आणि आपण त्याला टोमणा मारून उत्तर दिलं, हे काटेसाहेबांनी कोणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही.

मुलगी परगावाहून आली, पंधरा दिवस राहिली, आईचे कपडे तीन पिशव्यांत भरले. गाडी त्या टायरवाल्यानेच दुसऱ्या दिवशी दारात आणून लावली होती आणि किल्ली मुलीच्या हातात दिली होती. निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी विकून टाका. तुम्हाला दिसत नाही, चालवणार कोण? दारात उभी राहून सडेल नुसती."

"बघू," काटेसाहेब म्हणाले. त्यांच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे मुलीला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं.

कारखान्याच्या मोजमाप खोलीत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. दाब दाखवणारी घड्याळं त्यांच्याकडे तपासायला यायची. काटा केसभर जरी चुकला तरी ते घड्याळ परत पाठवत. कारखान्यात त्यांना नावाने हाक मारत. 'काटेसाहेब' हे बायकोने ठेवलेलं नाव होतं आणि ते घरात चालायचं, तेही तिची थट्टा करायची लहर असेल तेव्हा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. काटेसाहेबांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी ते पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. भाजीवाल्याचं वजन, औषधाच्या बाटलीवरची तारीख, डॉक्टरांचं हसणं, सगळ्यावर त्यांचा संशय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, तरी ऑपरेशनची तारीख त्यांनी तीनदा पुढे ढकलली. "डॉक्टरला खाटा भरायच्या असतात," ते म्हणायचे. तिसऱ्यांदा ढकलली तेव्हा कधी न चिडणारी बायको इतकी चिडली, की हिला डॉक्टरने फितवलंय की काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

दिसेनासं झालं तेव्हा गाडीची किल्ली बायकोकडे गेली होती. ती छप्पन्नाव्या वर्षी शिकली आणि बरी चालवू लागली. किल्ली देताना काटेसाहेबांनी बजावलं होतं, "एक ओरखडा आला तरी किल्ली माझ्याकडे परत. मग बस स्टॉपवर उभी राहा." ती म्हणाली होती, "बरं साहेब."

एक काम मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. दर रविवारी सकाळी, गाडी हलायच्या आधी, चाकं थंड असताना ते आपला मीटर लावून चारही चाकांतली हवा बघत आणि वहीत लिहीत. मीटर कारखान्यातल्या तोडीचा होता. आकडा भिंगातून वाचावा लागे, पण वाचला की तो खरा.

सात महिन्यांपूर्वी अशाच एका रविवारी चाकांच्या व्हॉल्व्हवर त्यांना हिरव्या टोप्या दिसल्या होत्या.

"हे काय गं?"

"नायट्रोजन भरून आणला," बायको ओट्याशीच उभी राहून खिडकीतून म्हणाली. "सगळे भरतात हल्ली. हवा उतरत नाही म्हणे."

झालं. काटेसाहेबांना महिनाभराचं खाद्य मिळालं. "अगं, आपण श्वासात घेतो त्या हवेच्या शंभर भागांतले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो. जे नाकाने फुकट घेतेस ते चाकासाठी विकत आणलंस!"

"मग उरलेल्या बावीस भागांचे पैसे दिले असं समजा."

"विमानाच्या चाकात भरतात, ते ठीक. शर्यतीच्या गाडीत भरतात, तेही ठीक. तू भाजी आणायला जातेस!"

"भाजीलाही वेळेवर पोचावं लागतं."

जेवताना नायट्रोजन, झोपताना नायट्रोजन. पण वहीतले आकडे काही वेगळंच सांगत होते. दर रविवारी बत्तीस, बत्तीस, बत्तीस, बत्तीस. साध्या हवेचं चाक महिन्याकाठी एखादा पौंड उतरतंच, तेवढंही नाही. काटेसाहेब मनातून थोडे वरमले होते. तोंडाने मात्र एकदाही कबूल केलं नव्हतं.

मुलगी परत गेल्यावरच्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा मीटर हातात घेतला. गाडी तीन आठवडे एका जागी उभी होती. तीन चाकं एकतीसवर. डावं मागचं वीसवर.

त्यांनी मीटर झटकला, पुन्हा लावला. वीस. पायपंपाने दम लागेपर्यंत हवा भरून बत्तीसवर आणली. पुढच्या रविवारी अठ्ठावीस. त्याच्या पुढच्या रविवारी चोवीस.

काटेसाहेब वही घेऊन टेबलाशी बसले. सात महिने ज्या चाकाने एक पौंड सोडला नाही, ते बायको गेल्याबरोबर आठवड्याला चार पौंड सोडायला लागतं? चाकाला काय कळतं घरातलं कोण गेलं ते? गाडी शेवटची कोणाच्या हातात होती, तर टायरवाल्याच्या. एक रात्र त्याच्याकडेच होती. चांगलं टायर काढून जुनं बसवलं असेल. नाहीतर ती बिचारी विश्वासाने जायची, तिला सात महिने काहीतरी भलतंच विकलं असेल. आणि एक गोष्ट राहून राहून टोचत होती. फोनवर त्याने विचारलं होतं, काटेसाहेब का? घरातलं नाव दुकानापर्यंत गेलं कसं? हवा भरायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांत कोणी नवऱ्याचं लाडकं नाव सांगत बसत नाही.

सोमवारी मीटर खिशात घालून ते चालत निघाले. रस्ता ओलांडताना दोनदा थांबले, कारण गाड्या त्यांना आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या.

दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एका भिंतीला टायरांच्या चळती, कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि दाराशी तीन खुर्च्या. यातली कुठली, हे विचारायचं काटेसाहेबांनी ठरवलं होतं, पण विचारलं नाही. टायरवाला चाळिशीचा, कोपरापर्यंत काळा. त्याने हात पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा काटेसाहेब."

"हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काकूंनीच. दुसरं कोण सांगणार?"

"आणि का सांगितलं?"

टायरवाला गोंधळला. "बोलायच्या त्या. दर शनिवारी यायच्या, मग..."

"दर शनिवारी?" काटेसाहेब उभेच राहिले. "नायट्रोजन दर आठवड्याला भरायचा असतो का? उतरत नाही म्हणूनच तो विकता ना तुम्ही? तुमचं मशीन कुठंय? मला बघायचंय."

"ते काय." त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मशीनवर चादर टाकलेली होती आणि चादरीवर धूळ. "तीन महिने झाले, बंद पडलंय. पार्ट मिळत नाही."

"म्हणजे शेवटचे दोन महिने तिला साधी हवा भरलीत, हिरव्या टोप्या लावून!" काटेसाहेबांचा आवाज चढला. त्यांना राग आला होता आणि, खरं सांगायचं तर, कुठेतरी बरंही वाटलं होतं. चोर सापडला होता.

"त्यांना सांगून भरली, काका. त्या म्हणाल्या, हवा तर हवा, टोप्या तेवढ्या हिरव्याच राहू देत."

"खोटं."

"बसा हो आधी."

काटेसाहेब बसले. टायरवाला समोर उकिडवा बसून नखं खरवडायला लागला.

"हे मी बोलायचं नाही असं ठरलं होतं," तो म्हणाला. "पण आता ज्या माणसाशी ठरलं होतं ते माणूसच नाही. तुमच्या डाव्या मागच्या चाकाची रिम वाकलीय. आतल्या बाजूने. सात-आठ महिन्यांपूर्वी काकू फुटपाथच्या कडेवर चढल्या. रडवेल्या होऊन आल्या होत्या. मी म्हटलं, रिम सरळ करायला पाठवावी लागेल, गाडी दोन दिवस इथे ठेवा. त्या म्हणाल्या, दोन दिवस गाडी नसली तर साहेबांना कळेल, आणि कळलं की किल्ली गेली."

काटेसाहेबांनी खिशातला मीटर चाचपला.

"मग म्हणाल्या, दर शनिवारी येते, तू बत्तीस करून दे. रविवारी ते बघतात. मी म्हटलं, काकू, साहेब दर रविवारी चाकाशी वाकतात, एखाद्या दिवशी रिम हाताला लागेल. तेव्हा काकूंची नजर गेली त्या मशीनवर. मीच सांगितलं त्यांना, की नायट्रोजन थोडा हळू उतरतो, पण रिमला फट असेल तर नायट्रोजन काय नि हवा काय, दोन्ही तिथूनच जाणार, पैसे घालवू नका. तर हसल्या. म्हणाल्या, अरे, मला चाकासाठी नकोच आहे तो. आमच्या काटेसाहेबांना भांडायला काहीतरी लागतं. नायट्रोजनशी भांडत बसले की रिमकडे बघणार नाहीत."

कोणीतरी स्कूटर घेऊन आलं. टायरवाल्याने हातानेच त्याला थांब म्हटलं.

"रिम कायमची अशीच ठेवणार होती का?" काटेसाहेबांनी विचारलं. आवाज खाली आला होता, पण संशय होता तिथेच होता.

"नाही हो. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं की. तुम्ही दोन दिवस हॉस्पिटलात असणार, तेवढ्यात रिम करून घ्यायची, असं पक्कं होतं. तीनदा मी तारीख लिहून ठेवली. तीनदा येऊन म्हणाल्या, या वेळेलाही नाही."

काटेसाहेब उठले. दाराशी थांबून म्हणाले, "त्या दिवशी फोनवर मी जे बोललो..."

"मी काही ऐकलं नाही," टायरवाला म्हणाला. "कॉम्प्रेसर चालू होता."

कॉम्प्रेसर बंद केला होता. काटेसाहेबांनी स्वतः ऐकलं होतं. हा माणूस चांगलं खोटं बोलतो, म्हणजे बाकीचंही खोटं असू शकतं, असा विचार करत ते घरी आले. ऐकीव गोष्टीवर त्यांनी कधी सही केली नव्हती.

मोरीतून त्यांनी तांब्याभर साबणाचं पाणी आणलं. गाडीच्या डाव्या बाजूला जुना पेपर अंथरला आणि त्यावर आडवे झाले. शेजारीण गॅलरीतून ओरडली, "अहो काका! पडलात का?"

"पडलो नाही. बघतोय."

"काय बघताय?"

"चाक!"

"तुम्हाला दिसतं का पण?" ती म्हणाली आणि जीभ चावून आत गेली.

दिसत नव्हतंच. त्यांनी हात चाकाच्या मागे घातला आणि रिमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. मोजमाप खोलीत दिवे गेले तरी ते बोटाने सांगायचे, कडा कुठे बसलीय. थंड लोखंड, टायरचा खरखरीत रबर, सुकलेला चिखल. अर्धं चाक फिरून बोट एका ठिकाणी आत गेलं. करंगळीच्या पेराएवढा खळगा. त्यांनी तिथे साबणाचं पाणी ओतलं आणि बोट धरून ठेवलं. थोड्या वेळाने बोटाखाली बारीक बुडबुडे फुटायला लागले. एक, मग दुसरा, मग सारखे.

ते बराच वेळ तसेच पडून राहिले. सात महिने दर रविवारी याच चाकाशी वाकून ते बत्तीस लिहीत होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती बघत होती. आकडा कधीच खोटा नव्हता. तो तिने आदल्या दिवशी जाऊन खरा करून आणलेला असायचा. आणि किल्ली? किल्ली त्यांनी काढून घेतली असती का? त्यांनी स्वतःला हा प्रश्न नीट विचारला, एखादं घड्याळ तपासावं तसा. काढून घेतली असती. एक ओरखडा म्हणजे एक ओरखडा. तिचा हिशेब बरोबर होता.

उठून त्यांनी कपडे झटकले, पायपंपाने डावं मागचं चाक बत्तीसवर आणलं आणि हिरवी टोपी पुन्हा घट्ट बसवली. त्या रात्री मुलीचा फोन आला.

"बाबा, गाडीचं काय ठरलं?"

"ठेवतोय."

"अहो, पण चालवणार कोण?"

"ऑपरेशन झालं की मी," काटेसाहेब म्हणाले.

"तारीख घेतलीत?"

"बघू" तोंडावर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "घेतो," ते म्हणाले.

त्याला आता दोन महिने झाले. दर शनिवारी ते पायपंप काढतात आणि रविवारी सकाळी बत्तीस लिहितात. ऑपरेशनची तारीख अजून घ्यायची राहिली आहे. रिम अजून वाकडी आहे.