रेघ फिरत राहिली पाहिजे

लाल गाडी माझी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या आर्बोगा गावात गेली पंचेचाळीस वर्षं लोक तिला एवर्टची गाडी म्हणतात. एवर्ट माझा नवरा, दोन वर्षांपूर्वी गेला. माणूस चांगला होता, पण गाडी त्याची नव्हती. बाहत्तर सालची ही व्होल्वो मी बस चालवून मिळवलेल्या पगारातून घेतली, तेव्हा एवर्टची आणि माझी ओळखसुद्धा नव्हती. तरी दर सहा जूनला, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात, काचेमागच्या पाटीवर त्याचंच नाव. पाट्या लिहितो आमच्या क्लबचा अध्यक्ष स्टूरे. त्याने कधी विचारलं नाही, आणि मीही मूर्खासारखी कधी बोलले नाही.

या वर्षी मात्र ठरवलं. गाडी मूळ रंगाच्या रांगेत लावायची, आणि पाटीवर माझं नाव, मेर्ता लुंडक्विस्ट. कारखान्यातून आला तोच रंग, कुठेही पुन्हा न मारलेला, अशाच गाड्यांना त्या रांगेत जागा मिळते. माझ्या गाडीचा रंग मूळचाच होता, पण तीस वर्षं उन्हात उभी राहून पार विटला होता. लाल कसला, फिकट गुलाबी.

स्टूरे अंगणात आला, टपावर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत म्हणाला, "मेर्ता, हिला नवा रंग मार."

"मग रांगेत जागा कोण देईल? तू?"

"नाहीतर माझ्याकडे दे. माझं रोटरी पॉलिश मशीन एका दुपारी आरसा करून देईल."

"मीच करणार आहे."

"तू? अगं, त्या मशीनला मनगट लागतं, मनगट!"

"चाळीस वर्षं बर्फातून बस हाकली मी. ती काय कोपराने?"

तो हसला. "बरं बाई. पत्रा उघडा पडला की रडत येऊ नकोस."

हे शेवटचं वाक्य मला लागलं, कारण भीती मला त्याचीच होती. मूळ रंग एकदा जळाला की संपला. तो कुठल्या दुकानात विकत मिळत नाही.

वेस्टेरोस शहरातल्या दुकानात पॉलिशची दोन्ही प्रकारची मशिनं हातात घेऊन पाहिली. रोटरी एका जागी गरगर फिरतं, पटकन चकाकी देतं आणि तितक्याच पटकन रंग तापवतं. दुसरं फिरता फिरता डुलतं. काम हळू करतं, पण जास्त दाबलं की त्याचं फिरणं आपोआप थांबतं. दुकानदार म्हणाला, त्याच्या तबकडीच्या कडेला काळ्या पेनने एक रेघ ओढा. रेघ फिरताना दिसली तर हात बरोबर. थांबली तर तुम्ही दाबताय. मला तेच मशीन आवडलं. चूक झाल्यावर ओरडणारे खूप पाहिलेत, चूक होता होता सांगणारं हे पहिलंच. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्रही घेतलं.

मग कामाला लागले. गाडी धुतली, गाड्यांसाठीच्या खास चिकणमातीच्या गोळ्याने घासून खरखर काढली आणि सगळ्या कडांवर निळी कागदी टेप लावली, कारण कडेला रंग सगळ्यात पातळ असतो. गाडीच्या दाराच्या एका कोपऱ्यात हातभर चौकोन आखून तिथेच आधी करून पाहिलं.

कुंपणावरून स्टूरेचं डोकं आलंच. "टेप कशाला? हात थरथरतो का?"

"थरथरतो. अडुसष्टावं चालू आहे. म्हणून तर टेप."

"मी जन्मात टेप लावली नाही!" असं म्हणेपर्यंत त्याची नजर माझ्या मशीनच्या फोमच्या पॅडवर गेली. "थांब! थांब, मेर्ता! पॅड लालभडक झालंय. रंग उतरवतेस तू!"

मशीन बंद केलं. जाडीचं यंत्र दाराला लावलं. सुरुवातीला एकशे चार मायक्रॉन होते, आता एकशे दोन. म्हणजे वरचा मेलेला थर तेवढा निघाला होता. या जुन्या रंगावर पारदर्शक थर नसतो, पॅड लाल होणारच. जन्मभर जुन्या गाड्यांत वावरलेल्या स्टूरेला हे ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

"जा, कॉफी पी जा," मी म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

चार दिवस लागले. रेघ थांबली की हात सैल करायचा, फिरली की पुढे जायचं. चौथ्या दिवशी टेप काढली तेव्हा दारात माझा चेहरा दिसला. सुरकुत्यांसकट.

सहा जूनला मैदानात स्टूरे भिंग घेऊन आला. माझ्या गाडीची एकेक कड त्याने वाकून वाकून तपासली, जळलेली जागा शोधत. मी यंत्र त्याच्या हातात दिलं. "मोज की." त्याने बारा ठिकाणी मोजलं. एकही आकडा पंच्याण्णवच्या खाली गेला नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि पाटीवर लिहू लागला: एवर्ट.

"स्टूरे. माझं नाव."

"अगं, लोक एवर्टला ओळखतात. त्याची आठवण म्हणून राहू दे ना."

आता मात्र माझं डोकं फिरलं. शेजारीच, त्याच रांगेत, त्याची निळी गाडी होती, आणि तिच्या बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर दरवर्षीसारखा क्लबचा झेंडा घडी करून ठेवलेला. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून! मी यंत्र परत घेतलं आणि तिकडे निघाले.

"अध्यक्षांचीही मोजू या."

त्याने धावत येऊन झेंड्यावर पंजा ठेवला. आजूबाजूला बघून, अगदी हळू म्हणाला, "एकोणनव्वद साली रंग जळला. टेप लावली नव्हती."

तीस-बत्तीस वर्षं माणूस एका कोपऱ्यावर झेंडा ठेवत आला. क्षणभर मला कीव आली. पण क्षणभरच.

"तुझी जागा मला नको आहे," मी यंत्र खिशात टाकत म्हणाले. "माझी हवी आहे. नवी पाटी घे."

त्याने नवी पाटी घेतली आणि लिहिली. मीच ती काचेमागे लावली.

थोड्या वेळाने एक म्हातारा हातात दालचिनीचा बन घेऊन आला. गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "वा! एवर्टची ना ही?"

स्टूरे जवळच उभा होता. मी तोंड उघडायच्या आत तोच खेकसला, "पाटी वाच ना!"