रिव्हेटवाल्यांची रांग

सिडनीचा पूल लोकांसाठी खुला झाला त्या शनिवारी हेडलीला अंथरुणातून उठवतानाच माझा जीव अर्धा झाला. सगळं शहर नटूनथटून बंदराकडे निघालेलं आणि माझा नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"खाली नुसतं पाणी होतं तेव्हा मी त्याच्या तुळयांवरून चाललोय," तो म्हणाला. "आता रस्ता केल्यावर काय बघायचंय त्यात?"

मी पलंगाला वळसा घालून त्याच्यासमोर गेले. "बघायला नको जाऊस. काम मागायला जा."

समोर जाऊनच बोलावं लागायचं. इतकी वर्षं पुलाच्या पोलादी खोक्यांच्या पोटात बसून तापलेल्या खिळ्यांसारखे रिव्हेट ठोकल्यावर त्याचे दोन्ही कान गेले होते. ओठ बघून तो बोलणं असं बेमालूम उचलायचा, की माझ्या आईलासुद्धा अजून पत्ता लागला नव्हता. आईला न कळलेली माझ्या आयुष्यातली ती एकच गोष्ट.

पूल पुरा झाला तशी सगळ्यांना घरी बसवलं होतं. पण गंज धरू नये म्हणून रंगाऱ्यांची एक कायमची टोळी ठेवणार होते, आणि मिरवणूक निघायच्या आधी मुकादम गिलफॉयल तिच्यात चालणाऱ्या कामगारांच्या रांगेतूनच माणसं निवडणार होता. ही बातमी ऑसीने आणली. ऑसी हेडलीच्याच टोळीतला. भट्टीतून फेकलेली लालभडक रिव्हेट डब्यात झेलायचं त्याचं काम. उंचावर बहिरा माणूस मात्र चालणार नव्हता. क्रेनची घंटा ऐकू आली नाही, तर तो स्वतः जातो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. नियम बरोबरच होता, पण आम्हाला घरमालकाने सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. हेडलीला काम लागलं तर मालक थांबणार होता. नाहीतर समुद्रकाठी वाळूत गोणपाटाच्या आणि पत्र्याच्या झोपड्यांची वस्ती उभी राहिली होती, तिकडे जायचं. मार्च सरत आला होता, म्हणजे आमच्याकडे हिवाळा तोंडावर; जूनमध्ये इथे कडाका.

मी त्याच्या बुटांत पुठ्ठे घातले, पाव चरबी फासून बांधून घेतला, आणि चार वर्षांच्या आयव्हीला काखोटीला मारून त्याच्या मागे निघाले.

कामगारांची रांग दोरीच्या आत आणि आम्ही बायका दोरीबाहेर. हेडली माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. बँड अजून सुरू व्हायचा होता. गिलफॉयल पाइप ओढत एकेकाशी बोलत येत होता. तोही मूळचा रिव्हेट ठोकणाराच.

"काय ट्रेविन, रंगाचं काम जमेल?" त्याने हेडलीला आडनावाने हाक मारत विचारलं.

"जमेल, साहेब," हेडली म्हणाला. सूर अगदी बेताचा. मी श्वास सोडला.

गिलफॉयलने तोंडातला पाइप काढला, रांगेकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. त्याचे ओठ हलताना मात्र स्पष्ट दिसले.

"दोघं आणि एक मुलगी, साहेब," हेडली म्हणाला.

"माझ्या घरी पाच, साहेब," शेजारून ऑसी म्हणाला.

"मी आणि म्हातारी," मागून तिसरा कुणीतरी बोलला.

ऑसीचेही कान गेले होते, हे मला तेव्हा कळलं. एकमेकांच्या शेजारी उभे राहून हे गडी एकमेकांपासूनही लपवत होते.

रांगेच्या टोकाला कोठीवरचा कारकून होता, जन्मात हातोडा न धरलेला. तो गोंधळून म्हणाला, "काय विचारलंत, साहेब?"

गिलफॉयलने डोळे मिटून घेतले. मग मोठ्याने, हळूहळू, ओठ नीट दिसतील असं म्हणाला, "मी आवाज काढलाच नव्हता रे, पोरांनो." आणि कारकुनाला म्हणाला, "तू सोमवारी ये."

मला त्याचा भयंकर राग आला. पण शिव्या घालायला तरी अंगात त्राण हवं ना.

बँड वाजला, मिरवणूक निघाली, हेडली आणि ऑसी सगळ्यांबरोबर पाय टाकत गेले. भाषणं झाली. मंत्र्यांच्या आधीच कुणी आगंतुक घोडेस्वाराने येऊन तलवारीने फीत कापली म्हणे. आमच्यापर्यंत ते पाच तोंडांतून आलं. एरवी मी आठवडाभर हसले असते. मग लोकांना वर सोडलं आणि गर्दीत हेडली आम्हाला सापडला. त्याने आयव्हीला खांद्यावर घेतलं. पोरगी वरून सगळ्यांना हात करत होती, राणीच जणू.

पुलाच्या मधोमध गर्दी तुंबली. आजूबाजूला इस्त्रीचे कोट, हॅटला पिसं लावलेल्या बाया. मी हेडलीसमोर उभी राहिले आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नुसते ओठ हलवले. "मग सोमवारी वाळूवर जायचं ना?"

आपला आवाज किती मोठा निघतो याचा त्याला आता अंदाज राहिला नव्हता. दिवसभर त्याने तो कसाबसा धरून ठेवला होता. आता आवाज सुटला.

"जाऊ!" तो ओरडला. "पण झोपडीत आयव्हीला थंडी सोसेल का गं?"

माना वळल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कुणी हसलं नाही.

"आम्ही गेल्या जूनपासून त्या वाळूवरच आहोत," पिसाची हॅट घातलेली एक बाई म्हणाली. "दक्षिणेच्या गार वाऱ्याकडे पाठ करून झोपडी बांधा. थंडी सोसते. चिलटं नाही सोसत."

"पत्रे आजच उचलून ठेवा," तिच्या मागचा म्हातारा म्हणाला. "नंतर मिळत नाहीत. आम्ही नळाच्या बाजूला आहोत."

"आम्ही टेकडीखाली," आणखी कुणीतरी म्हणालं.

हेडली या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. एवढे ओठ एकदम त्याला झेपेनात. "काय म्हणतायत?" त्याने मला विचारलं. "एवढे सगळे तिथे राहतात?"

"हो," मी म्हणाले, आणि या वेळी आवाज काढून म्हणाले.