रानडुकराचा वाटा

निकाल येईपर्यंत मांसाला उघड्या हातानं शिवायचं नाही, असं शांतवननं बजावलं तेव्हा हन्ना हसली होती. डुक्कर काय मॅट्रिकला बसलंय, असं तिनं विचारलं होतं.

शांतवन, तिचा नवरा, गुरांचा डॉक्टर. महायुद्धाचे दिवस, आणि पारनेरकडच्या गावांत पाळलेल्या डुकरिणी गाभडत होत्या, दिवस भरायच्या आत पिल्लं टाकत होत्या. रोग रानातून येतोय का, हे कळायला मारलेल्या रानडुकरांचं रक्त तपासणीसाठी पुण्याला धाडायचं होतं. भुईमूग उकरणारं एक दांडगं डुक्कर गावानं मारलं. शांतवननं आधी रक्त काढून घेतलं, मग वाटे पडले. रीतीप्रमाणे एक वाटा डॉक्टरच्याही घरी आला.

हन्नाच्या कडेवर मरिया दात येत असल्यानं किरकिरत होती. शेजारची लंकाबाई पाच महिन्यांची पोटुशी. द्या इकडं, तुमी लेकीला बघा, म्हणत तिनंच मांस साफ केलं. तिचं बोट बाभळीच्या काट्यानं फाटलेलं होतं. हन्नाला ते दिसलं होतं.

निकाल आला. गाभडण्याच्या रोगाची खूण त्या रक्तात होती. शिजवून खाल्लं त्याची भीती नाही, शांतवन म्हणाला, पण कच्चं रक्त जखमेतून माणसात शिरतं. ताप धरतो, कधी पोटातलं मूलही जातं. हन्नानं लंकाबाईच्या फाटलेल्या बोटाचं सांगितलं. तो रागावला नाही. मरियाला त्यानं आपल्याकडे घेतलं. "जा, आधी तिच्याकडं जा."

लंकाबाई भाकरी थापत होती. नगरला मिशनच्या दवाखान्यात रक्त तपासून येऊ, असं हन्नानं म्हटल्यावर ती वर न बघताच म्हणाली, "डुकराच्या डॉक्टरची बायकू तुमी. मला बी त्याच रांगंत बसवताय व्हय?"

"मीही बसते ना शेजारी. आधी माझं काढू दे."

आणि खरंच, दवाखान्यात हन्नानं आपलाच दंड पुढं केला. सुई बघून लंकाबाईनं तिचा हात धरला, तो परतीच्या मोटारीत बसेस्तोवर सोडला नाही.

रक्तात काही निघालं नाही. पण खूण उशिराही उमटते, ताप आला तर लगेच आणा, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आता लंकाबाई बाळंतपणाला माहेरी, सुप्याला गेलीय. इकडं मरियाला गोवर निघालाय, हन्नाला उंबरा ओलांडता येत नाही. दारावरून जाईल त्याला ती थांबवते. तुम्हीही सुप्याकडं निघाला असाल तर तिचं एवढं ऐका: लंकाबाईकडं डोकावा, सांजेला अंग तापतं का विचारा. ती न्हाई म्हणेल. तरी कुणा बाईमाणसाला तिच्या कपाळाला हात लावून बघायला सांगा.